साडेतेरा तास

"दोनशे किलोमीटर? सायकलने? एका दिवसात?"
"हो."
"आणि पहिला नंबर आला तर काय मिळतं?"
"पहिला नंबर नसतोच त्यात."
"मग?"

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, हातात कागदी ताटली धरून हा संवाद मी आजवर निदान सहा वेळा केला आहे. श्रीखंडापर्यंत पोचेस्तोवर समोरच्याचा चेहरा 'बिचारा, चाळिशीचा परिणाम' असा झालेला असतो. रांगेत नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच. शिवाय या छंदाने एकदा मला अशा जागी आणून उभे केले होते, की त्याबद्दल कधीतरी लिहायचे मनात होतेच.

आधी थोडा इतिहास. १८९७ साली काही इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सला गेले, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळात सुमारे २३० किलोमीटर. तेव्हाचे रस्ते आणि तेव्हाच्या सायकली पाहता हे धाडसच होते. म्हणून त्यांना 'ऑडॅक्स', म्हणजे लॅटिनमध्ये 'धाडसी', असे नाव पडले. ही कल्पना १९०४ मध्ये फ्रान्समध्ये आणली आंरी देग्रांज यांनी. 'टूर द फ्रान्स' शर्यत १९०३ मध्ये सुरू करणारे तेच हे गृहस्थ. सुरुवातीच्या ऑडॅक्समध्ये सगळ्यांनी कप्तानामागे एकाच वेगाने चालवायचे असे. १९२१ मध्ये पॅरिसच्या 'ऑडॅक्स क्लब पारिझियन'ने यात मोठा बदल केला. ज्याने त्याने आपल्या वेगाने जावे, फक्त ठरलेल्या वेळेच्या आत पोचावे. आज जगभर जे चालते ते मुख्यतः हेच. अशा एका फेरीला 'ब्रेव्हे' म्हणतात आणि ती करणाऱ्याला 'रॅन्दोनर'. पुण्या-मुंबईकडची मंडळी सरळ 'बीआरएम' म्हणून मोकळी होतात.

या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, सुमारे १२०० किलोमीटर. १८९१ मध्ये ती शर्यत म्हणून सुरू झाली. म्हणजे टूर द फ्रान्सपेक्षा बारा वर्षांनी थोरली! पहिल्या वर्षी शार्ल तेरों याने जवळजवळ न झोपता सुमारे ७१ तासांत ती जिंकली. व्यावसायिकांची शर्यत १९५१ नंतर बंद पडली. हौशी लोकांसाठी १९३१ पासून सुरू झालेली फेरी मात्र टिकली. आता ती चार वर्षांनी एकदा होते, मुदत जास्तीत जास्त ९० तास. २०१९ आणि २०२३ या दोन्ही वेळी सहा हजारांहून अधिक लोक होते आणि त्यांत भारतातून आलेल्यांची चांगली मोठी तुकडी होती. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर या सगळ्या ठिकाणी आता ब्रेव्हे होतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. नाशिकचे महाजन बंधू, दोघेही डॉक्टर, यांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण केली ती बातमी तुम्ही वाचली असेल. ती मात्र खरीखुरी शर्यत, मागे मदतीच्या गाड्या असलेली. ब्रेव्हेत तसे नाही. मागे गाडी चालत नाही. कोणी मदत करायची तर फक्त ठरलेल्या थांब्यांवर. पंक्चर आपणच काढायचे, रस्ता आपणच शोधायचा, भूक लागली तर आपणच दुकान गाठायचे.

आता नियमांकडे येऊ. अंतर आणि मुदत यांचे कोष्टक असे: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० आणि १००० ला ७५ तास. एकाच मोसमात पहिली चारही अंतरे केली की 'सुपर रॅन्दोनर'. पॅरिसला जायचे असेल तर त्या वर्षी हे करावेच लागते. गंमत म्हणजे फार लवकर पोचायलाही बंदी आहे. पहिल्या दोनशे किलोमीटरना ताशी ३४ पेक्षा अधिक वेग धरलेला नाही. म्हणजे ५ तास ५३ मिनिटांच्या आत पोचलात तर थांबा अजून उघडलेलाच नसतो, बसा दारात! मला या नियमाचा त्रास अद्याप झालेला नाही आणि होईल असे वाटतही नाही.

किमान वेग निघतो ताशी साधारण १५ किलोमीटर. ऐकणारा म्हणतो, "एवढेच? मी लहानपणी शाळेत याहून जोरात जायचो." खरे आहे. पण यात दोन खाचा आहेत.

पहिली खाच चढांची. समजा दहा किलोमीटरचा चढ तुम्ही ताशी ८ ने चढलात आणि तेवढाच उतार ताशी ४० ने उतरलात. ८ आणि ४० ची सरासरी २४, म्हणजे उत्तम चालले आहे, असे वाटते. पण चढाला लागली ७५ मिनिटे, उताराला १५. वीस किलोमीटरला दीड तास, म्हणजे ताशी १३.३! मुदतीच्या खालीच. चढावर गमावलेला वेळ उतारावर परत मिळत नाही, कारण उतार मुळात फार लवकर संपतो. हा हिशेब आपण सहावी-सातवीत शिकतो आणि पायांना तो चाळिशीत कळतो.

दुसरी खाच थांब्यांची. घड्याळ सुटल्यापासून पोचेपर्यंत अखंड चालू असते. ताशी १५ म्हणजे चार मिनिटांना एक किलोमीटर. दहा मिनिटे चहा पीत बसलात तर अडीच किलोमीटर गेले. जुने मुरलेले रॅन्दोनर पाहा. ते जोरात चालवत नाहीत, पण दुकानात शिरले की पाच मिनिटांत बाहेर. आमच्यासारखे नवखे भन्नाट चालवतात आणि मग ते सगळे सँडविचच्या दुकानात फुंकून टाकतात.

एवढे सगळे ब्रेव्हेचे. ब्रेव्हे ठरल्या तारखेला, ठरल्या वेळी, सगळ्यांबरोबर सुटते. पण नोकरी, मुलांचे वर्ग आणि साप्ताहिक किराणा सांभाळणाऱ्याला ती तारीख जमतेच असे नाही. त्यावर तोड म्हणजे 'पर्मनंट'. आषाढीची वारी ठरल्या तिथीलाच निघते, पण पंढरपूर बाराही महिने तिथेच असते. ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा त्याने जावे! पर्मनंट म्हणजे तसे. मार्ग आखून, मोजून, मंजूर करून ठेवलेला असतो. तुम्ही आपली तारीख आणि वेळ आधी कळवायची आणि निघायचे. एकटे जा, दोघे जा. मुदत मात्र तीच आणि नियमही तेच. अंधारात पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारे जाकीट सक्तीचे, मग रस्त्यावर तुम्हाला बघायला चिटपाखरू नसले तरी.

अशा प्रकाराची फ्रान्समध्ये मोठी परंपरा आहे. तिथल्या 'दियागोनाल' १९३० पासून चालत आल्या आहेत. फ्रान्सचा नकाशा षट्कोनी, त्याच्या सहा कोपऱ्यांवर ब्रेस्ट, डंकर्क, स्ट्रासबुर्ग, मांतों, पेर्पिन्यां आणि आंदाय ही गावे. ही गावे एकमेकांना जोडणाऱ्या नऊ कर्णरेषा, त्यांतली प्रत्येक ठरलेल्या मुदतीत, आपली आपण पुरी करायची. ब्रिटनमध्ये १९७६ मध्ये स्थापन झालेल्या 'ऑडॅक्स यूके'चेही पर्मनंट आहेत. इथे अमेरिकेत हे काम 'रॅन्डनर्स यूएसए' ही १९९८ मध्ये सुरू झालेली संस्था पाहते.

आता तुमच्या मनात आलेला प्रश्न. बघायला कोणी नाही, तर तुम्ही खरोखर गेलात हे कशावरून?

२०२० पर्यंतची पद्धत अशी होती. प्रत्येक मार्गाचा एक 'मालक' असे, म्हणजे तो मार्ग आखणारा स्वयंसेवक. तो तुम्हाला एक कार्ड पाठवी. कार्डावर थांब्यांची यादी. त्या गावातल्या कुठल्याही दुकानात जाऊन वेळ लिहून सही घ्यायची, किंवा काहीतरी विकत घेऊन छापील वेळेची पावती ठेवायची. जिथे दुकानच नाही, पण लोक आडवाटेने अंतर वाचवतील अशी शंका आहे, तिथे कार्डावर एक प्रश्न असे: 'पुलाच्या खांबावर कोणता आकडा आहे?' किंवा 'शाळेच्या इमारतीचा रंग कोणता?' तिथे गेल्याशिवाय उत्तर देता येऊ नये, एवढीच अपेक्षा. शेवटी कार्ड आणि पावत्या टपालाने मालकाकडे. बस्स. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. ज्या यंत्रणेत मध्यवर्ती पहारेकरी नाही तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा हा प्रश्न आमच्या धंद्यात रोजचा. त्या दृष्टीने पाहिले तर ही यंत्रणा भोकांनी भरलेली होती. कोणीही फसवू शकला असता.

आता माझीच हकीकत सांगतो.

या संस्थेचा 'आर-१२' नावाचा एक प्रकार आहे. सलग बारा महिने, दर महिन्याला निदान एक २०० किलोमीटर किंवा त्याहून मोठी फेरी करायची. एक महिना चुकला की पुन्हा एकपासून मोजायचे. २०१८ च्या जानेवारीत मी सुरुवात केली. ऑक्टोबरपर्यंत दहा झाल्या. त्यातली जुलैची तर भारतातून परतल्यावर तिसऱ्याच दिवशी, अर्धवट झोपेत केली होती. सौ.ने फ्रिजवर बारा चौकोनांचा कागद लावला होता आणि कन्या दर महिन्याला एकेक चौकोन रंगवीत असे.

नोव्हेंबरच्या ८ तारखेला उत्तर कॅलिफोर्नियात पॅराडाइज गावाची ती भयंकर आग लागली. गाव आमच्यापासून दूर, पण धूर सगळ्या बे एरियावर पसरला. शाळा बंद झाल्या, लोक मुखवटे घालून हिंडू लागले. ज्यांची घरेच गेली त्यांच्यापुढे सायकलीचे दुःख ते काय! २१ तारखेला पाऊस आला तेव्हा कुठे हवा निवळली. मग थँक्सगिव्हिंगचे पाहुणे. सरतेशेवटी महिन्यातला एकच मोकळा दिवस उरला, रविवार २५ नोव्हेंबर.

सकाळी सहाला, अंधारात, गोल्डन गेट पुलाजवळच्या एका दुकानातून पावती घेऊन निघालो. मार्ग ओळखीचा: पूल ओलांडून सॉसालिटो, मग फेअरफॅक्स, एक चढ, रेडवूडच्या झाडीतून पॉइंट रेयेस स्टेशन, तिथून टोमालेस बेच्या काठाने मार्शल, पुढे टोमालेस आणि व्हॅली फोर्ड नावाचे चिमुकले गाव. तिथून परत. टोमालेस बे ही लांबट, सरळ खाडी म्हणजे सॅन अँड्रियास भूभ्रंशावरची खाच आहे. एका काठाने सायकल चालवताना पलीकडचा किनारा दुसऱ्या भूखंडाच्या पट्ट्यावर असतो आणि तो दरवर्षी काही सेंटिमीटर सरकतो आहे, हा विचार मला तिथे नेहमी येतो. त्या दिवशी पावसाने धुऊन आलेली हवा इतकी स्वच्छ होती, की दोन आठवड्यांच्या धुरानंतर नुसता श्वास घेण्याचेच अप्रूप वाटत होते. मी रमतगमत गेलो. तीच चूक झाली.

पावसाने खडी आणि काचा रस्त्याच्या कडेला आणून टाकल्या होत्या. पंक्चर काढण्यात ३५ मिनिटे गेली, त्यातली वीस बोटे गारठल्यामुळे. व्हॅली फोर्डला २५. परतीच्या वाटेवर मार्शलला गरम सूप आणि खाडीचे दृश्य यांपायी ४८. पाणी, फोटो, दिवे लावणे, जाकीट चढवणे अशी किरकोळ ४४. एकूण २ तास ३२ मिनिटे नुसता थांबलेलो. पाच वाजण्याच्या सुमारास सूर्य मावळला. फेअरफॅक्सला पोचलो तेव्हा हिशेब करून पाहिला आणि पोटात गोळा आला. तिथून पुढे जे चालवले तसे आयुष्यात कधी चालवले नव्हते. एका उतारावर, ओल्या रस्त्यावर, मागचे चाक किंचित घसरले. ब्रेक लावायला हवा होता, मी तो लावला नाही. हे सौ.ला या लेखातूनच कळणार आहे.

दुकानात शिरलो तेव्हा ७ वाजून ४२ मिनिटे झाली होती. मुदत साडेसातची.

काउंटरवर पंजाबकडचे एक वयस्कर गृहस्थ होते. सकाळीही तेच होते. मी कार्ड पुढे केले, काय प्रकार आहे ते सांगितले. त्यांनी घड्याळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मी भिजलेला, चिखलाने भरलेला. "बेटा, बारा मिनिट की क्या बात है," ते म्हणाले, "साडे सात से पहले का टाइम लिख देता हूँ। सुबह से निकले हो।" आणि त्यांनी खिशातले पेन काढले.

मंडळी, मी लगेच 'नको' म्हणालो असे लिहायला मला फार आवडले असते. तसे घडले नाही. मी गप्प उभा राहिलो. मनात वकील उभा राहिला होता. दोनशे किलोमीटर तर झालेच ना? पंक्चर काही माझा दोष नव्हता. धूर माझा दोष नव्हता. बारा मिनिटांनी कोणाचे काय नुकसान? बक्षीस तर नाहीच, एक बिल्ला, तोही स्वतःच्या पैशाने मागवायचा. घरी फ्रिजवर दहा रंगवलेले चौकोन. आणि कार्डावर खोटे मी लिहीतच नव्हतो, दुसरा कोणीतरी प्रेमाने लिहीत होता.

शेवटी मला थांबवले ते कुठल्या थोर तत्त्वाने नव्हे, त्या दहा चौकोनांनीच. ती दहा कार्डे खरी होती हे माझ्याशिवाय कोणालाच नक्की माहीत नव्हते. त्यांचा साक्षीदार मी एकटा. अकरावे कार्ड खोटे झाले, की साक्षीदारच खोटा ठरणार आणि मग आधीच्या दहांना अर्थ काय उरणार? ज्या यंत्रणेला मी भोके असलेली म्हणत होतो ती नेमकी या एकाच खांबावर उभी होती. "अंकलजी, सात बयालीस लिखिए," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, ४२ लिहिले, सही केली आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

कार्ड मी तसेच टपालात टाकले. मार्गमालकाचे दोन ओळींचे उत्तर आले: वेळेबाहेर, सबब अपूर्ण, मार्ग तिथेच आहे, परत या. कन्येने अकरावा चौकोन कोरा पाहिला आणि विचारले, "पण बाबा, तू सगळं अंतर गेलास ना?" गेलो होतो. तिला ते नीट समजावता आले नाही. नवा कागद लावला. डिसेंबरपासून पुन्हा एक. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये बारा पुरे झाले. त्यातल्या शेवटच्या फेरीला मार्शलला फक्त सात मिनिटे थांबलो.

२०२० मध्ये हा सगळा उपक्रम काही महिने बंद पडला आणि नव्या रूपात सुरू झाला. आता मार्ग संस्थेच्या सामायिक यादीत असतात, नोंदणी संगणकावर होते आणि बहुतेक जण उपग्रहाच्या साहाय्याने नोंदलेला आपला माग पाठवतात. सोय उत्तम आहे. मालकांची टपालाची दगदग वाचली. पण पेन हातात घेऊन 'किती वाजता लिहू?' असे आता कोणी विचारत नाही.

एक बाजू मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. घड्याळ माणसाला मूर्खही बनवते. त्या ओल्या उतारावर मी ब्रेक लावला नाही तो घड्याळापायी. एकदा ४०० च्या फेरीत पहाटे तीनच्या सुमारास मला हँडलवरच डुलकी लागली आणि मी रस्त्याच्या पांढऱ्या रेषेबाहेर जागा झालो. नशीब की मोटार नव्हती. त्यानंतर एका खेड्यातल्या पोस्टाच्या, रात्री उघड्या असणाऱ्या पुढच्या खोलीत चाळीस मिनिटे फरशीवर झोपलो. तेव्हापासून माझा नियम: डोळे जड झाले की थांबायचे, मुदत गेली खड्ड्यात. 'अपूर्ण' हा शेरा सोसता येतो, हे मला २०१८ नेच शिकवले.

कोणाला हे करून पाहावेसे वाटत असेल, तर थेट दोनशेवर उडी मारू नका. १०० ते १९९ किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या असतात, तिथून सुरुवात करा. आपल्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकार लवकर गाठतात, तेव्हा चाळिशी उलटली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. सायकल महागडीच हवी असे नाही, पण बसण्याची उंची जाणकाराकडून ठरवून घ्या. गुडघे त्याबद्दल तुमचे आभार मानतील. दर तासाला थोडे खा, भूक लागण्याआधी. इथल्या चकचकीत वेष्टनातल्या वड्यांपेक्षा शेंगदाण्याची चिक्की आणि गुळाची पोळी मला अधिक मानवते. दोन ट्यूब, पंप आणि पाने जवळ ठेवा आणि घरच्या घरी, अंधारात, एकदा तरी पंक्चर काढून पाहा.

आणि रांगेतल्या त्या प्रश्नाचे उत्तर? मिळत काही नाही. सकाळी निघताना जो माणूस असतो तोच संध्याकाळी परत येतो, थोडा अधिक भुकेला. फक्त त्या दिवसाचे साडेतेरा तास कुठे गेले हे त्याला मिनिटामिनिटाने सांगता येते. उरलेल्या आठवड्याबद्दल तसे सांगता येणारे आपल्यात कितीजण आहेत?

असो. श्रीखंड संपण्याआधी पुढे सरकावे हे बरे.